गवती चहाची गाठ

ये. बस.

पुस्तक मिटू नकोस. नुसतं पालथं ठेव. जिथे थांबलंय, तिथेच ते थांबेल.

रात्र आहे. एप्रिल महिना. पुण्यातल्या एका हॉस्टेलची दुसऱ्या मजल्यावरची खोली. पंखा फिरतो आहे. दर फेरीला एकदा करकरतो आहे. शेजारच्या कॉटवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं आहे.

खाली रस्त्यावरून एक रिक्षा जाते. आवाज लांब जातो. आणखी लांब. मग ऐकू येत नाही.

परवा पेपर आहे. तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आत्ता तो त्या पालथ्या पुस्तकाखाली असू दे.

आपण फक्त एक पात बघणार आहोत.

एवढंच.

*

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी आहे. गवती चहाची. संध्याकाळी मंडईतून आणलेली. भाजीवालीकडे ती आल्याच्या ढिगाशेजारी पडलेली असते, पाणी मारलेली, ओली.

कागद उघड. दोरा सोड. एकच पात बाहेर काढ.

बघ.

हातभर लांब आहे. बुंध्याशी पांढुरकी, जराशी जाड. मग फिकी हिरवी. मग निळसर हिरवी. टोकाला थोडी वाळलेली, तपकिरी.

मधोमध एक शीर जाते. पात तिच्याभोवती किंचित दुमडलेली आहे, पाणी वाहून न्यावं तशी.

आता कडेवरून बोट फिरव. हळू. बुंध्याकडून टोकाकडे बोट सहज सरकतं. उलट फिरवलं की अडतं. या कडेला बारीक दाते आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला कळतात. ओढाताण केली तर बोट कापतं.

म्हणून हळू.

श्वास आत येऊ दे. बाहेर जाऊ दे.

पुन्हा एकदा.

पात नाकाशी धर. वास येतो, पण जेमतेम. ओल्या गवताचा. अंगणाचा.

आता नखाने एका जागी जरा चुरड. पुन्हा नाकाशी धर.

बघ, कसा आला.

लिंबाच्या सालीचा वास. लिंबू कुठेच नाही, तरी लिंबाचा वास. लिंबाच्या सालीत जे सिट्रल असतं, तेच या पातीच्या तेलात असतं. ते तेल आतल्या बारीक पेशींत साठलेलं आहे. पेशी फुटली की मोकळं होतं.

मघाशीही ते तिथेच होतं. पात गप्प होती.

थांब इथे थोडं. एक पात, एक चुरडलेली जागा, एक वास.

*

माझी आजी गवती चहा कात्रीने कापत नाही.

मला ती दिसते आहे. न्हाणीच्या मागे, जिथे सांडपाणी जातं, तिथे ठोंब आहे. पहाट आहे. ती वाकते, तीन पाती उपटते, पदराने पुसते. मग त्या एकत्र धरते, दुमडते, आणि वेणी घालताना फिरतात तशा सहज बोटांनी त्यांना एक गाठ मारते.

मी विचारते, गाठ का?

ती म्हणते, "कापली की तुकडे चहाभर फिरत बसतात. गाठ मारली की एका जागी राहते."

एका जागी राहते.

तूही घे. तीन पाती. एकत्र धर. दुमड. एक फेरा. टोक आतून काढ. हळूच ओढ.

गाठ मारताना पाती मोडतात, आणि वास पुन्हा येतो. बोटांना लागतो. तो उद्या सकाळपर्यंत बोटांवर राहील.

गाठ तळहातावर ठेव. केवढीशी आहे. अक्रोडाएवढी. हलकी. हिरवी.

तिच्याकडे बघ.

आणि आता, बघता बघता, एक विचारते. उत्तर मोठ्याने देऊ नकोस.

तुझी गाठ कुठे आहे?

घशाशी आहे का? आवंढा गिळताना लागते ती?

छातीच्या मधोमध आहे का?

पोटात आहे का, सकाळी जाग आल्या आल्या जाणवते ती?

खांद्यांत? जबड्यात, दातांवर दात असतात तिथे?

शोधायला धावू नकोस. ती स्वतःच सांगेल. जिथे आहे, तिथे नुसतं लक्ष ठेव, तळहातावर ही गाठ ठेवली आहे तसं.

सोडवू नकोस. ओढू तर नकोसच. ओढली की गाठ आवळते, हे सुतळीलाही माहीत आहे.

आहे ना? असू दे.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

किटलीत पाणी घाल. एक कपभर. बटण दाब.

आज चहा पावडर नको. कॉफीही नको. रात्री घेतलेल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही अंगात असतो. पापण्या मिटतात आणि आत दिवा चालू राहतो. तुला ते ठाऊक आहे. नुसत्या गवती चहात कॅफीन नसतं.

आता ऐक.

आधी काहीच नाही.

मग एक बारीक आवाज. दूर कुठेतरी वाळूवरून पाणी सरकावं तसा.

आवाज मोठा होतो. मग जाड होतो. मग बुडबुड्यांचा होतो. किटली जरा थरथरते.

टक्.

आणि पुन्हा शांत.

मोठ्या कपात गाठ ठेव. वरून पाणी ओत. बारीक धारेने. गाठ आधी तरंगते, मग कलते, मग हळूहळू खाली जाते.

कपावर ताटली ठेव. झाकायला विसरू नकोस. हे तेल उडून जाणारं आहे. उघडं ठेवलं तर वाफेबरोबर खोलीभर होतं, आणि कपात नुसतं हिरवट पाणी उरतं.

सात-आठ मिनिटं.

मोबाइल पालथा घाल. मिनिटं मोजायची गरज नाही. ताटली बोटाला सोसवेल इतपत गरम राहिली, की झालं.

तोवर काय करायचं?

काही नाही. बसायचं.

*

बसलो की दारात पाहुणे येतात. आईने फोनवर सांगितलेले, मित्राने सुचवलेले, दुकानाच्या फळीवर बघितलेले. येऊ दे. एकेकाकडे बघू. मग जाऊ देऊ.

पहिली ब्राह्मी येते. ओलसर जमिनीवर पसरणारी, मांसल बारीक पानांची, फिकट जांभळट पांढऱ्या फुलांची. तिच्या नावाने मंडूकपर्णीही विकली जाते, गोल पानांची. दोघी वेगळ्या आहेत. चरकसंहितेत बुद्धीला पोषक अशी चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क.

ब्राह्मी घाई ओळखत नाही. स्मरणशक्तीसाठी तिच्यावर झालेले बरेचसे अभ्यास १२ आठवड्यांचे आहेत. परवाच्या पेपरसाठी आज रात्री घेतलेली ब्राह्मी काही करत नाही. ती बी पेरल्यासारखी आहे. जून महिन्यात तिच्याकडे जावं.

तिला नमस्कार. जाऊ दे.

मग अश्वगंधा येते. तिचं मूळ. ताज्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, म्हणून हे नाव. २०१२ साली आपल्याकडच्या एका अभ्यासात ताणाने त्रासलेली ६४ माणसं होती. निम्म्यांना या मुळाचा अर्क दिला, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस. त्यांचा ताण कमी झालेला दिसला. ताणात रक्तात वाढणारं कॉर्टिसॉलही उतरलं.

साठ दिवस. इथेही घाई नाही.

आणि इथे जरा थांब. हे मूळ ताकदीचं आहे, म्हणून जपून. थायरॉइडचं औषध चालू असेल, झोपेची गोळी चालू असेल, यकृताचं दुखणं असेल, पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डबीवर वनस्पतीचं चित्र आहे म्हणून ती सगळ्यांना सारखी मानवते असं नाही.

तिलाही नमस्कार. जाऊ दे.

मग जायफळ येतं. आईच्या हातून येतं. सहाणेवर दुधाचे चार थेंब, आणि जायफळाचे दोन वेढे. करकर आवाज. तपकिरी, दाट रेघ उमटते. बोटाने निपटून ती कोमट दुधात जाते.

दोन वेढे. आई तिसरा घेत नाही. झोप येत नाही म्हणून चमचाभर जायफळ खाल्लं, तर तेच जायफळ उलटतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, भास होतात. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या बाळगुटी उगाळली, त्या हातांना मोजून थांबणं ठाऊक आहे.

मोजून थांबणं. हे शब्द जवळ ठेव.

जायफळालाही नमस्कार.

दार लोटून घे. खोली पुन्हा तुझी आहे. पंखा करकरतो आहे. कपावर ताटली आहे.

*

ताटली उचल. हळूच.

खालच्या बाजूला थेंब जमले आहेत. गोल, जवळजवळ बसलेले. ताटली तिरकी कर. दोन थेंब एकमेकांना भेटतात, एक होतात, घरंगळतात. कपात पडतात.

पाणी आता पिवळसर हिरवं आहे. उन्हात धरलेल्या पानातून उजेड यावा तसं.

वाफ वर येते.

तोंड जवळ ने. डोळे मीट.

घे.

लिंबू. गवत. थोडी माती. कुठेतरी आल्याचा भास.

बाकीच्या संवेदना मेंदूत एका मधल्या चौकीवर थांबून पुढे जातात. वास थांबत नाही. तो नाकातून थेट त्या भागांना जाऊन भिडतो, जिथे भीती असते आणि जिथे आठवणी असतात. दोघींचं घर शेजारी शेजारी आहे.

म्हणून आत्ता काही आठवलं, तर आठवू दे.

पावसाळ्यातलं स्वयंपाकघर. शाळेतून भिजून आल्यावर डोक्यावर पडलेला टॉवेल. कुणाचा तरी आवाज, "आधी हे पी, मग बोल."

तुला परीक्षेत किती मिळाले, असं त्या आवाजाने विचारलं नव्हतं. आधी हे पी. मग बोल.

राहा तिथे.

तीन श्वास.

एक.

दोन.

तीन.

*

कप हातात घे. कानाला धर, दुसरा हात खाली. गरम आहे. पिण्याजोगा नाही अजून.

मग आपण काय करतो?

फुंकर घालतो.

घाल. ओठ किंचित पुढे आण. हळूच फुंक.

पाण्यावर एक सुरकुती उठते. पलीकडच्या कडेपर्यंत जाते. विरते.

पुन्हा घाल. आणखी हळू. इतकी हळू की वाफ तुटू नये, नुसती वाकावी.

बघ, काय झालं. नाकाने आत आलेला श्वास आखूड होता. तोंडाने बाहेर गेलेला लांब. दुप्पट लांब. तुला कुणी प्राणायाम शिकवला नाही. गरम कपाने शिकवला.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात. बाहेर सोडताना किंचित मंदावतात. श्वास जितका सावकाश बाहेर जातो, तितका हृदयाला विसावा मिळतो. हे काम व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो. तो मेंदूपासून निघतो, गळ्यातून उतरतो, छातीतून जातो, पोटापर्यंत पोचतो.

गळा. छाती. पोट.

मघाशी आपण गाठ शोधत होतो, त्याच गावांवरून त्याची वाट जाते.

फुंकर घाल.

सुरकुती उठते. जाते. विरते.

लहानपणी गुडघा फुटला की कुणीतरी वाकून त्यावर फुंकर घालायचं. त्याने जखम भरत नव्हती. भरायला तिचे ते आठ दिवस लागायचेच. पण रडणं थांबायचं. कुणीतरी आपल्यासाठी वाकलं आहे, एवढं त्या गुडघ्याला कळायचं.

आज तू स्वतःसाठी वाक.

फुंकर घाल.

कुणालाही दिसत नाही. शेजारच्या कॉटवर कूस बदलल्याचा आवाज येतो. मग पुन्हा संथ श्वास. एका खोलीत दोन श्वास चालू आहेत.

फुंकर घाल.

आणि एकदा.

*

आता पी. एक घोट.

तोंडात थोडा वेळ धर. जिभेच्या टोकाला जवळजवळ गोडी नाही. कडेला हलका झणका आहे. मागे, गळ्याशी, थंडावा येतो, पाणी गरम असूनही.

गीळ. कुठपर्यंत गेला? गळ्यापर्यंत कळतं. छातीपर्यंत कळतं. मग एक ऊब पसरते, आणि पुढे ठावठिकाणा लागत नाही.

दुसरा घोट.

तुला खरं सांगते. ब्राझीलमध्येही हा चहा मन शांत व्हावं म्हणून घरोघरी पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८६ साली तो माणसांना देऊन बघितला. झोपेवर किंवा चिंतेवर या चहाचा वेगळा असा परिणाम त्यांना दिसला नाही. पिणाऱ्यांना अपायही दिसला नाही.

हे मी तुझ्यापासून लपवत नाही. लपवून मिळालेली शांतता टिकत नाही.

मग आत्ता खांदे खाली आले आहेत, ते कशाने?

उत्तर शोधू नकोस. आठव फक्त. पातीची कड बोटाने बघितली. तीन पातींना गाठ मारली. पाण्याचा आवाज बदलताना ऐकला. ताटली ठेवली आणि उचलली. दहा-बारा वेळा फुंकर घातली. या सगळ्यात परवाचा दिवस एकदाही खोलीत आला नाही.

पातीने एवढंच केलं. तुला एका जागी ठेवलं.

तिसरा घोट.

*

कप अर्धा झाला आहे. इथे एक गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. कान जवळ आण.

काही गाठी कपात मावत नाहीत.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल. जेवण नकोसं झालं असेल. सकाळी उठून बसण्याचं बळ नसेल. आपण नसलो तर बरं, असं मनात येऊन जात असेल. तर ही पात त्यासाठी नाही. तिच्यावर तेवढा भार टाकू नये.

त्यासाठी माणूस लागतो.

शेजारच्या कॉटवरचं माणूस जागं कर. रात्री किती वाजले आहेत ते बघू नकोस. घरी फोन कर. आणि १४४१६ हा आकडा लक्षात ठेव. सरकारची टेली मानस ही सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली. पैसे पडत नाहीत, रात्र असो की दिवस, पलीकडे कुणीतरी असतं. मराठीत बोल. तुझ्या शब्दांत बोल. सुरुवात कुठून करायची हे सुचलं नाही, तरी चालतं.

मदत मागणं हेही फुंकर मागण्यासारखंच आहे. लहानपणी आपण गुडघा पुढे करायचो. लाज वाटायची नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

शेवटचा घोट कोमट आहे. त्यात वास कमी, चव जास्त आहे. सावकाश पी.

कप रिकामा झाला.

आत बघ.

तळाशी गाठ आहे.

मघाशी ती ताठ होती. पातीची टोकं बाहेर डोकावत होती, कडा टोचत होत्या. आता रंग उतरला आहे, शेवाळी झाला आहे. टोकं वाकली आहेत. बोट लाव. मऊ आहे. कड आता कापत नाही. तिच्यात पाणी शिरलं आहे, फेरा सैल झाला आहे, मधून करंगळीचं टोक जाईल इतका.

पण ती सुटलेली नाही.

गाठ अजून गाठच आहे.

बघत राहा तिच्याकडे.

ती सुटली नाही, तरी तिच्यातला वास बाहेर आला. ती सुटली नाही, तरी कपभर पाणी हिरवं झालं. कुणी ती ओढली नाही. कुणी ती कापली नाही. ऊब दिली, वरून झाकलं, आणि थांबलं.

आता तुझ्या गाठीकडे एकदा ये. घशाशी, छातीशी, पोटात, जिथे मघाशी होती तिथे.

असेल अजून. असू दे. नुसतं हळूच बघ, मधून करंगळीचं टोक जाईल का.

जेवढी जागा आहे, तेवढ्यात एक श्वास सोड.

पंखा करकरतो. रस्ता गप्प आहे. बोटांना लिंबाच्या सालीचा वास येतो आहे.

पुस्तक पालथंच राहू दे. त्यातलं पान सकाळी तिथेच असेल.

दिवा मालव.

कप उशाशी ठेव. धुवायची घाई नाही.